कॅलिब्रेशन करूनही हायड्रोजन डिटेक्टरचे रीडिंग का भरकटते?

प्रश्न थोडक्यात असा: बॅटरी रूममध्ये छतालगत शेजारी-शेजारी दोन हायड्रोजन डिटेक्टर बसवलेले आहेत. दोन्ही एकाच मॉडेलचे, पेलिस्टर (उत्प्रेरकावर गॅस जाळून मोजणाऱ्या) प्रकारचे. तीन महिन्यांपूर्वी एकाच दिवशी, एकाच सिलिंडरवर दोघांचे कॅलिब्रेशन झाले. आता तोच ५० टक्के एलईएलचा (एलईएल म्हणजे गॅस पेटू शकेल अशी हवेतली किमान पातळी) गॅस दिला, तर पहिला ५७ दाखवतो आणि दुसरा ४४. शिवाय गॅस दिलेला नसतानाही पहिला अधूनमधून ३-४ टक्के दाखवतो, तर दुसरा कायम शून्यावर. सेन्सर बदलायचे, की पुन्हा स्पॅन मारून, म्हणजे रीडिंग दिलेल्या गॅसच्या आकड्याशी जुळवून, मोकळे व्हायचे?

आधी दोन्हीपैकी काहीच करू नका. स्पॅनच्या बटणाला हात लावण्याआधी ते ५७ आणि ४४ तारखेसह नोंदवा. याला ॲज-फाउंड रीडिंग म्हणतात. कॅलिब्रेशनच्या कागदावरचा हा सगळ्यात मोलाचा आकडा, आणि बहुतेक नोंदवह्यांत नेमका तोच रकाना कोरा असतो. सगळीकडे '५० दिले, ५० आले' एवढेच लिहिलेले. बटण दाबल्यावर ५० येणारच. आधी किती येत होते, हे कळल्याशिवाय डिटेक्टर गेले तीन महिने खरे बोलत होता की नाही ते कळत नाही. आणि ५७-४४ ही जोडी बरेच काही सांगून जाते. तिच्याकडे शेवटी येतो.

पेलिस्टरमध्ये उत्प्रेरकाचा लेप दिलेला एक बारीक मणी असतो. त्यावर हायड्रोजन जळतो, उष्णता निर्माण होते, आतल्या प्लॅटिनमच्या तारेचा रोध वाढतो आणि ब्रिज सर्किट तो फरक मोजते. म्हणजे डिटेक्टर मोजतो उष्णता. तिला '५० टक्के एलईएल' हे नाव आपण कॅलिब्रेशनच्या वेळी देतो. त्या क्षणी कपाखाली (गॅस देताना सेन्सरवर बसवायच्या टोपीखाली) खरोखर ५० टक्के पोहोचलेले नसले, तरी डिटेक्टर मुकाट्याने ते मान्य करतो आणि पुढचे तीन महिने त्याच चुकीच्या मापाने मोजत राहतो. म्हणून माझा अनुभव असा, की रीडिंग चुकते तेव्हा दोष सेन्सरमध्ये असण्याआधी गॅस, प्रवाह, कप आणि झिरोची (शून्य ठरवताना वापरलेली) हवा या चार जागी असतो. तपासही त्याच क्रमाने करावा.

गॅसपासून सुरुवात करू. हवेत हायड्रोजनची खालची ज्वलनमर्यादा, म्हणजे एलईएल, आकारमानाने ४ टक्के. त्यामुळे ५० टक्के एलईएल म्हणजे २ टक्के हायड्रोजन किंवा २०,००० पीपीएम. मिथेनच्या बाबतीत कुठे ५ टक्के, कुठे ४.४ टक्के अशी दोन मापे चालतात आणि घोळ होतो. हायड्रोजनमध्ये तो प्रश्न नाही. सिलिंडरवर काय लिहिले आहे ते मात्र नीट वाचा. लेबलवर 'बॅलन्स एअर' आहे की 'बॅलन्स नायट्रोजन'? पेलिस्टरला जाळायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे त्याला हवेतलेच मिश्रण हवे. नायट्रोजनमधला २ टक्के हायड्रोजन दिला, की कपात उरलेल्या हवेच्या जोरावर रीडिंग थोडे चढते आणि मग घसरू लागते. पाहणाऱ्याला वाटते सेन्सर मेला. तो बिचारा स्पॅन वर ओढतो, आणि एक चांगला सेन्सर बिघडलेल्या मापाने परत कामाला लागतो.

सिलिंडरच्या प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा असतो. तो १.९६ टक्के असेल तर डिटेक्टरमध्ये ४९ भरायचे, ५० नाही. फरक छोटा वाटतो, पण तो फुकटात टाळता येतो. मुदत संपलेला सिलिंडर वापरू नये हे खरे, तरी हायड्रोजन हा हायड्रोजन सल्फाइड किंवा क्लोरीनसारखा सिलिंडरच्या भिंतीला चिकटून नाहीसा होणारा गॅस नाही. त्यामुळे १३ टक्क्यांची तफावत दिसली आणि कोणी 'गॅस जुना आहे' म्हणून हात झटकले, तर माझा त्यावर विश्वास बसत नाही. आणि शुद्ध हायड्रोजन हवेत मिसळून घरच्या घरी कॅलिब्रेशन गॅस बनवण्याचा विचारही करू नका. ४ ते सुमारे ७५ टक्क्यांपर्यंतचे मिश्रण पेटू शकते आणि पेटायला लागणारी ऊर्जा सुमारे ०.०२ मिलिज्यूल इतकी क्षुल्लक असते. अंगावरची स्थिर विद्युतसुद्धा पुरते.

'आमच्याकडे मिथेनचा सिलिंडर आहे, गुणक लावून तोच वापरू का?' हाही नेहमीचा प्रश्न. काही माहितीपुस्तिकांत असे गुणक दिलेले असतात. पण ते नव्या, निरोगी सेन्सरचे असतात. मणी सिलिकोनने विषारला, की आधी मिथेनची संवेदना जाते. हायड्रोजन कमी तापमानालाही उत्प्रेरकावर सहज जळतो, म्हणून त्याची संवेदना बराच काळ टिकते. अशा सेन्सरला मिथेनवर स्पॅन केला, की मिथेनसाठी वाढवलेला गेन (सिग्नल वाढवणारा गुणक) हायड्रोजनलाही लागू होतो आणि हायड्रोजनचे रीडिंग भलतेच फुगते. उलट चूक त्याहून घातक आहे: मिथेन पकडण्यासाठी लावलेला डिटेक्टर हायड्रोजनने तपासायचा. तो झकास पास होतो आणि खरा मिथेन आला की गप्प बसतो. तेव्हा ज्या गॅससाठी डिटेक्टर लावला आहे, त्याच गॅसने कॅलिब्रेशन करा.

आता प्रवाह. खरे पाणी इथेच मुरते. बहुतेक डिटेक्टरना मिनिटाला ०.५ लिटर प्रवाह लागतो, काहींना १ लिटर. पुस्तिकेत जो दिला असेल तोच, आणि तोही ठरावीक प्रवाहाच्या रेग्युलेटरने. सुईच्या व्हॉल्व्हवर अंदाजाने सोडलेला प्रवाह म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. प्रवाह कमी पडला, की कपाच्या कडेने बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. जास्त झाला, तर कपात दाब चढतो आणि रीडिंग फुगते. यातली दुसरी चूक धोक्याची. समजा जास्त प्रवाहाने ५६ आले आणि तुम्ही ते ५० वर खाली आणले. उद्या खरोखर ५० टक्के गळती झाली, तर डिटेक्टर ४५च्या आसपास दाखवेल. कमी प्रवाहाची चूक निदान सावधपणाच्या बाजूने होते: तो जास्त दाखवतो, अलार्म लवकर वाजतो, लोक वैतागतात. पण वैतागलेले लोक अलार्म बंद करून ठेवतात, तेव्हा तिलाही निरुपद्रवी म्हणवत नाही.

प्रत्यक्षात काय होते ते जवळून पाहू. कप बसवला, रेग्युलेटर उघडला. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग आकडे धावतात: ८, १९, ३१, ३८. इथून चाल मंदावते: ४२, ४४, ४४, ४५. या टप्प्यावर शिडीवर एका हाताने कप धरून उभ्या असलेल्या माणसाला वाटते, की रीडिंग थांबले. तो स्पॅन दाबतो. प्रत्यक्षात अजून एक मिनिट थांबला असता, तर तोच डिटेक्टर ४९-५० वर स्थिरावला असता. काही उपकरणे रीडिंग स्थिर झाल्याखेरीज स्पॅन घेत नाहीत, पण सगळीच तशी नसतात. हातात घड्याळ ठेवा. पुस्तिकेत दिलेला वेळ पूर्ण द्या आणि त्यानंतर निदान अर्धा मिनिट आकडा हलला नाही, तरच बटण दाबा. बॅटरी रूममध्ये एक्झॉस्ट पंखा सुरू असतो. कप नीट बसला नसेल, तर त्या वाऱ्यानेही दोन-तीन टक्के सहज उडून जातात. कपाच्या रबरी कडेला चीर गेली आहे का, हे दर वेळी बोट फिरवून बघावे.

छतालगतच्या डिटेक्टरसाठी पुष्कळ ठिकाणी खालपर्यंत कायमची बारीक नळी आणून ठेवतात, म्हणजे शिडी चढावी लागत नाही. सोय चांगली आहे, पण नळी रिकामी नसते, हवेने भरलेली असते. आतला व्यास ४ मिलिमीटर आणि लांबी १० मीटर असेल, तर आत सुमारे १२५ मिलिलिटर हवा असते. मिनिटाला अर्ध्या लिटरने ती बाहेर ढकलायलाच १५ सेकंद जातात, आणि पूर्ण साफ व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरावा. शिवाय अशा नळीतून, वाऱ्यापासून आडोसा करणाऱ्या कपाशिवाय दिलेला गॅस बंप टेस्टला (डिटेक्टर गॅसला प्रतिसाद देतो का, एवढेच बघायला) ठीक; स्पॅन करायला मी तो वापरत नाही. नळी सिलिकोनची नसावी. तिच्यातून हायड्रोजन झिरपतो, आणि पेलिस्टरच्या जवळपास सिलिकोनची कोणतीही वस्तू मला नकोच असते.

झिरोबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण बॅटरी रूममध्ये हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी लक्षात येते. चार्जिंग सुरू असताना बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतच असतो. १ टक्का एलईएल म्हणजे ०.०४ टक्के हायड्रोजन, अर्थात ४०० पीपीएम. वायुवीजन मंद असेल तर छतालगत १,०००-२,००० पीपीएम साचणे अवघड नाही. अशा हवेत उभे राहून 'इथे काय गॅस आहे, सगळे तर ठीकच आहे' म्हणत झिरो मारला, की तो साचलेला हायड्रोजन डिटेक्टरच्या हिशेबात शून्य ठरतो. समजा पार्श्वभूमीवर ५ टक्के एलईएल होते. नुसता झिरो मारून स्पॅन केला नाही, तर २० टक्क्यांचा अलार्म प्रत्यक्षात २५ला वाजेल. नंतर ५० वर व्यवस्थित स्पॅन केला, तरी खालच्या टोकाची चूक उरतेच आणि २०चा अलार्म साधारण २३ला वाजतो. गंमत अशी, की लगेच ५०चा गॅस देऊन पडताळले तर रीडिंग अगदी बिनचूक ५० येते. म्हणून एकाच बिंदूवर समाधान मानू नये. जमल्यास १ टक्का हायड्रोजनचा, म्हणजे २५ टक्के एलईएलचा दुसरा सिलिंडर ठेवा. अलार्मची पातळी त्याच आसपास असते, तेव्हा अचूकता हवी ती तिथे.

झिरोसाठी सिलिंडरमधली शुद्ध हवा वापरा, जिच्यात २०.९ टक्के ऑक्सिजन आहे. पेलिस्टरला झिरोसाठी नायट्रोजन देऊ नका. कोळशाच्या फिल्टरमधून खोलीतली हवा ओढून झिरो करण्याची एक पद्धत आहे. ती इतर वाफांसाठी चालते, पण हायड्रोजन त्या कोळशातून सरळ पार होतो. पोर्टेबल यंत्र सुरू होताना स्वतःहून झिरो घेत असेल, तर ते बाहेर मोकळ्या हवेतच सुरू करावे, बॅटरी रूमच्या दारात नाही. आणि नवा किंवा बराच काळ बंद असलेला डिटेक्टर असेल, तर पॉवर देऊन त्याला नीट तापू द्या. पुस्तिकेत काही तास लिहिले असतील तर काही तास. अर्धवट तापलेल्या मण्यावर घेतलेला झिरो संध्याकाळपर्यंत सरकतो.

वरचे बरेचसे पेलिस्टरला धरून आहे. तुमच्याकडे दुसऱ्या प्रकारचा सेन्सर असेल, तर काही नियम बदलतात. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर पीपीएमच्या पातळीवर चांगला. नायट्रोजनमधला कॅलिब्रेशन गॅस तो थोडा वेळ चालवून घेतो, पण कोरड्या-उष्ण जागी आतले द्रावण सुकत जाते. त्याच्यावर कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम होतो, आणि उलटही खरे: कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर हायड्रोजनला प्रतिसाद देतात. बॅटरी रूमजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उगाच वाजत असेल, तर आधी चार्जरकडे बघा. थर्मल कंडक्टिव्हिटी सेन्सरला ऑक्सिजन लागत नाही. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट उष्णता वाहून नेतो, त्या फरकावर तो चालतो. त्याला हवा आणि नायट्रोजन जवळपास सारखेच, पण आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइडमधले मिश्रण दिले तर हिशेब पूर्ण चुकतो, आणि हेलियमला तो हायड्रोजनच समजतो. मेटल ऑक्साइड सेन्सरला सिलिंडरमधला ठणठणीत कोरडा गॅस मानवत नाही, त्याला ओलावा हवा. इन्फ्रारेड डिटेक्टर हायड्रोजनला आंधळा असतो, कारण हायड्रोजनचा रेणू ते किरण शोषत नाही. हे इथे लिहायचे कारण, 'सगळ्या ज्वलनशील गॅससाठी' म्हणून हायड्रोजनच्या जागी लावलेले इन्फ्रारेड डिटेक्टर मी पाहिलेले आहेत. त्यांचे कॅलिब्रेशन मिथेनवर नियमित होत होते आणि कागदावर सगळे उत्तम होते.

सेन्सर खरोखर कधी थकतो? पेलिस्टरची मुख्य वैरी सिलिकोनची वाफ. सीलंट, पॉलिश, काही ग्रीस, गंजरोधक स्प्रे, यांतून ती येते. खोलीत नुकतीच रंगरंगोटी किंवा फटी भरण्याचे काम झाले असेल, तर त्यानंतर लगेच बंप टेस्ट घ्या, ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. हायड्रोजन सल्फाइडने मणी काही काळ मंदावतो, पुष्कळदा सावरतोही. एलईएलच्या वरचा गॅस बराच वेळ लागला तरी मणी भाजून निघतो आणि त्याचा झिरो-स्पॅन दोन्ही सरकतात. अशा घटनेनंतर कॅलिब्रेशन केल्याशिवाय त्या डिटेक्टरवर भरवसा ठेवू नये. कोणीतरी 'चालतो का बघू' म्हणून सिगारेट लायटरचा गॅस समोर सोडतो, तोही याच प्रकारचा अत्याचार. त्यातून हायड्रोजनबद्दल काहीच कळत नाही.

प्रत्येक वेळी स्पॅनचा गेन किती वाढवावा लागला, किंवा उपकरण सेन्सरची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखवत असेल तर ती, हीसुद्धा नोंदवा. एका तिमाहीतला १२ टक्क्यांचा फरक प्रवाहामुळे असू शकतो. सलग तीन वेळा प्रत्येकी १० टक्के खाली येत असेल, तर सेन्सर थकतोय. कॅलिब्रेशन किती दिवसांनी करावे, याचे उत्तरही याच नोंदीत आहे: नवीन जागी सुरुवातीला दर महिन्याला ॲज-फाउंड घ्या, आकडे १० टक्क्यांच्या आत राहत असतील तर अंतर वाढवा, पण पुस्तिकेतल्या कमाल मुदतीपलीकडे नाही. निवड, बसवणे आणि देखभाल यांसाठी आयईसी ६००७९-२९-२ हे मानक आहे, आणि कायम बसवलेल्या हायड्रोजन डिटेक्टरांच्या कामगिरीसाठी आयएसओ २६१४२. पहिले तरी एकदा बैठक मारून वाचावे.

आता तुमचे ५७ आणि ४४. ५०चा गॅस कपाखाली ४४च पोहोचला असताना किंवा आकडा ४४ वर चढत असतानाच स्पॅन दाबला, तर माप ५०/४४ पटीने वाढते. पुढच्या वेळी पूर्ण ५० मिळाले की तो डिटेक्टर ५६.८, म्हणजे ५७ दाखवतो. पहिल्या डिटेक्टरचे नेमके हेच झाले असावे, असा माझा दाट संशय आहे. त्याचा सेन्सर बहुधा ठणठणीत आहे, मागचे कॅलिब्रेशन घाईत झाले. दुसऱ्याच्या ४४ला दोन कारणे संभवतात: सेन्सर खरोखर उतरला, किंवा या वेळी कप नीट बसला नव्हता. निर्णय सोपा आहे. पंखा सुरू असताना आणि बंद असताना, तोच कप, तोच रेग्युलेटर, पूर्ण दोन-तीन मिनिटे गॅस, असे दोन्ही डिटेक्टरवर करून पाहा. पंखा बंद करण्याआधी चार्जिंग थांबवा. ४४ तसेच राहिले तर सेन्सर उतरला. एकदा स्पॅन करून महिन्याने पुन्हा बघा, पुन्हा उतरला तर बदला.

राहिले पहिल्याचे ३-४ टक्के. तुमचा रोख त्याच्यावर आहे, पण मला शून्य दाखवणारा दुसराच जास्त संशयित वाटतो. ही ३-४ टक्के चार्जिंगच्या वेळीच दिसतात का, हे आधी नोंदीत जुळवा. मग दोघांनाही सिलिंडरमधली शुद्ध हवा द्या. पहिला शून्यावर आला, तर तो इतके दिवस खोलीतला खरा हायड्रोजन दाखवत होता, फक्त मापाच्या चुकीमुळे थोडा फुगवून. दुसऱ्याचा पडदा शुद्ध हवेतही शून्यच दाखवेल, कारण पुष्कळ डिटेक्टर उणे आकडे पडद्यावर येऊ देत नाहीत. म्हणून त्याच्या लूपमध्ये (कंट्रोल पॅनेलकडे सिग्नल नेणाऱ्या सर्किटमध्ये) मीटर लावा. शून्याला ४ मिलिअँपिअर आणि १०० टक्क्यांना २० असे माप असते, म्हणजे प्रत्येक टक्क्याला ०.१६. मीटरवर ३.५च्या आसपास आले, तर त्याचा झिरो ३ टक्के खाली बसलेला आहे, बहुधा चार्जिंग चालू असताना घेतलेला. काही उपकरणे आउटपुटही ४ वर रोखून धरतात. तसे असेल तर मेन्यूमधला कच्चा सिग्नल बघा.

मीटर लावलेलाच आहे, तर ५०च्या गॅसवर १२ मिलिअँपिअर येतात का आणि कंट्रोल पॅनेलवरही ५०च दिसतात का, तेही पाहून घ्या. डिटेक्टरवर ५० आणि पॅनेलवर २५ असा प्रकार रेंज चुकीची भरल्याने होतो, आणि पंखा सुरू करणारा रिले पॅनेलचे ऐकतो. त्यासाठी आधी इनहिबिट (कॅलिब्रेशनच्या वेळी अलार्म रोखून धरणारी सोय) काढावा लागेल, नाहीतर कॅलिब्रेशनच्या मोडमध्ये डिटेक्टर ठरावीक २ किंवा ३ मिलिअँपिअरच पाठवत बसेल. अलार्म वाजणार असल्याची कंट्रोल रूमला सूचना द्या, इनहिबिट काढा, गॅस पुन्हा एकदा द्या आणि पंखा स्वतःहून सुरू होतो का ते बघूनच शिडीवरून उतरा.